बायडाबाईंचा खांदा आणि घरटी एक माणूस

बहिरू केंगल्यांच्या घराचं दार रोज सकाळी सात ते सव्वासात आतून कडी घालून बंद असायचं. आमच्या डोंगराकडच्या गावात दिवसाढवळ्या दाराला कडी घालायची पद्धत नाही. कुणाकडे काय शिजलंय हे भांडं चुलीवरून उतरायच्या आधी शेजाऱ्याला कळतं. त्यामुळे त्या पंधरा मिनिटांवर अख्ख्या आळीचा डोळा होता. शेजारच्या भागूनं एकदा थाप मारली तेव्हा आतून "पूजा चाललीय!" असं उत्तर आलं, आणि मग तर संशय जास्तच वाढला. बहिरूभाऊ आणि पूजा? एसटीत तीस वर्षं तिकीट चेकर म्हणून काढलेला हा माणूस प्रसादाचा पेढासुद्धा आधी मोडून, आत काय आहे ते बघून मग तोंडात टाकायचा.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. आत बहिरूभाऊ बायकोची वेणीफणी करत असायचे.

झालं होतं असं, की बायडाबाईंचा उजवा खांदा गणपतीच्या सुमारास धरला तो सुटायचं नाव घेईना. भाकरी थापता यायची, विळा धरता यायचा, नवऱ्याकडे बोट रोखून बोलताही यायचं. पण हात खांद्याच्या वर काही जात नव्हता, त्यामुळे डोक्यात फणी घालायची सोय उरली नव्हती. घरात सून होती, रत्ना. पोरगी गुणाची, अंगणवाडीत मदतनीस. पण बायडाबाईंचं तत्त्व होतं, "सुनंच्या हातात आज डोकं दिलं, तर उद्या ती डब्याच्या किल्ल्या मागंल." मुलगा ज्ञानेश्वर चाकणला कंपनीत, तो आठवड्यानं यायचा. राहता राहिला नवरा.

पहिल्या दिवशी बहिरूभाऊंनी घातलेला अंबाडा एसटीच्या टपावर बांधलेल्या बोचक्यासारखा दिसत होता. पण माणूस जिद्दीचा. महिनाभरात हात असा बसला, की एक बट सुटेल तर शपथ. मनातून त्यांना त्याचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता. पण ही गोष्ट बाहेर फुटली असती तर? ज्या माणसाला नुसतं थांब्यावर उभं बघून कंडक्टर घाईनं पेटीतले पैसे मोजायचा, तो सकाळी उठून बायकोच्या केसांना तेल लावतो? छे छे! म्हणून ती कडी.

हाडाच्या डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं, "खांदा गोठलाय. फिजिओथेरपी करा. आत्ता व्यायामानं सोडवला नाही, तर असाच राहील." घरी आल्यावर बायडाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. "म्हंजी मरंस्तोर तुमीच? मला माजं डोकं माज्या हातानं विंचरायचंय. बाकी मला काय नगं." बहिरूभाऊंनी तीस वर्षांत पुष्कळ रडणारी माणसं गाडीतून खाली उतरवली होती. पण हे रडणं त्यांना बघवेना.

मग सुरू झाला शोध. खासगी का सरकारी? गावाला आयताच विषय मिळाला. भागू म्हणाला, "सरकारीत अजिबात जाऊ नका राव. माज्या मेव्हण्याचा गुडघा खासगीत सुटला. आपण निसतं पडून ऱ्हायचं, मशीन काम करतंय." म्हातारे रखमाजी म्हणाले, "लेण्याद्रीच्या पायऱ्या चढा रोज. शीर मोकळी व्हती." खांद्याचा आणि पायऱ्यांचा संबंध काय, असं बहिरूभाऊंनी विचारलं, तर म्हणे, "शीर सगळी आतनं एकच असती."

बहिरूभाऊंनी ठरवलं, की दोन्हीकडे जाऊन स्वतः तपासणी करायची.

आधी आळेफाट्याचं खासगी सेंटर. मोबाईलच्या दुकानावर पहिला मजला, काचेचं दार, आत गारवा. ऋषी सर म्हणून एक गुळगुळीत गृहस्थ उठून सामोरे आले. "या काका, या मावशी! आधी पाणी घ्या. पहिलं सिटिंग आपल्याकडून फ्री." बहिरूभाऊंच्या कपाळाला तिथंच आठी पडली. जो कंडक्टर चेकर दिसताच चहा विचारतो, त्याच्या पेटीत हमखास गडबड असते, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. बायडाबाईंच्या खांद्याला चार वायरी चिकटवल्या, मशीन टुंग टुंग वाजायला लागलं. बहिरूभाऊ हळूच मशीनच्या मागे जाऊन प्लग खरंच लावलाय का ते बघून आले. मग म्हणाले, "जरा मला लावून बघा." ऋषी सरांनी हसत लावलं. दंड टणकन उडाला तेव्हा बहिरूभाऊंनी विजेपुरता विश्वास ठेवला.

"बघा, फरक पडला की नाही?" ऋषी सर म्हणाले.

"मुंग्या आल्या. बरं वाटलं," बायडाबाई म्हणाल्या.

बरं वाटलं हा काही पुरावा नव्हे. बहिरूभाऊंनी घरी दाराच्या चौकटीवर बायडाबाईंचं बोट कुठपर्यंत पोचतं त्याची पेन्सिलीनं खूण करून ठेवली होती. घरी येऊन पुन्हा मोजलं. बोट त्याच खुणेवर! आणि ऋषी सरांना एकवीस सिटिंगचे पैसे आगाऊ हवे होते. गाडी सुटायच्या आधीच सगळ्या प्रवासाचं तिकीट फाडायला बघणाऱ्याचा भरवसा काय धरायचा?

मग सरकारी दवाखाना. केसपेपरच्या खिडकीला रांग, रांगेत पुन्हा ओळखीचे, आणि प्रत्येकाला खांद्याची कहाणी पहिल्यापासून. बोळकांडीच्या टोकाला एक खोली, तिथं मंगळवार-शुक्रवार साक्षी मॅडम बसायच्या. पंचविशीची मुलगी, बोरी बुद्रुकची. खोलीत एक कप्पीला लावलेली दोरी, भिंतीवर रंगानं काढलेली शिडी आणि पाण्यानं भरलेल्या बाटल्या, बास.

"मशीन?" बहिरूभाऊंनी विचारलं.

"आहे की. त्या खोक्यात. बसवायला माणूस यायचाय."

"मग औषध?"

"हेच. भिंतीवर बोटं चालवायची, दोरी ओढायची, बाटली धरून हात झुलवायचा. घरी रोज तीन वेळा."

"म्हंजी सगळं आमीच करायचं? मग सरकार काय करणार?"

"मोजणार," साक्षी मॅडम म्हणाल्या. आणि खरंच त्यांनी पट्टीसारखं एक साधन लावून हात किती वर जातो ते मोजलं, वहीत आकडा लिहिला, पुढं सही घेतली. "आणि काका, तीन खाडे झाले की नाव कमी. बाहेर पुष्कळ लोक नंबर लावून थांबलेत."

बहिरूभाऊंना वही आवडली, नियम आवडला. पण मुलगी हसून बोलत होती आणि पैसे घेत नव्हती, हे काही केल्या त्यांना पटेना. फुकट काम, आणि वर हसायचं? यात काहीतरी असणार. निर्णय शेवटी बायडाबाईंनी केला. खांद्यावर हात ठेवून साक्षी मॅडम म्हणाल्या होत्या, "मावशी, रात्री या कुशीवर झोपता येत नाही ना?" हे त्यांना अजून कुणीच विचारलं नव्हतं. "मी हितंच येनार," बायडाबाई म्हणाल्या. बहिरूभाऊ मात्र घरी पोचेपर्यंत एकच घोकत होते, "पण कुशीचं तिला कळलं कसं? कोण बोललं?"

सुरुवात बरी झाली. पण एका मंगळवारी गाडीच आली नाही, आणि दिवाळीत पाव्हण्यांमुळे एक शुक्रवार बुडाला. दोन खाडे पडले. आणि पुढचाच शुक्रवार नेमका केंगल्यांच्या भातकापणीचा निघाला.

आमच्याकडे कापणी सावडीनं होते. आज सगळी आळी माझ्या खाचरात, उद्या तुमच्या. मजुरी नाही, घरटी एक माणूस यायचं, इतकंच. बाप नसेल तर पोरगा आला, सासू नसेल तर सून आली. माणूस बदललं म्हणून कुणी विचारत नाही. खाडा झाला तर मात्र पुढच्या कापणीपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. ज्याचं खाचर, त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं. म्हणजे बायडाबाईंना घर सोडता येणं शक्यच नव्हतं.

"मग दवाखान्याचं?" बहिरूभाऊ म्हणाले.

"रत्नीला सुट्टी हाय. ती जाईल," बायडाबाई भाताच्या आधणाकडं बघत म्हणाल्या. "घरचं एक मानूस गेल्याशी कारन."

आता सांगा, तीस वर्षांच्या चेकरच्या डोक्यात यावर घंटा वाजायला नको होती? नाही वाजली. त्यांचं सगळं लक्ष भागूकडं होतं, तो कापायला मुद्दाम आखूड ओळ धरतोय असा त्यांना संशय होता. उलट त्यांनी स्वतः रत्नाच्या हातात केसपेपर दिला आणि तिला गाडीत बसवून दिलं.

संध्याकाळी रत्ना आली ती खुशीत. "मामा, खाडा न्हाई झाला," म्हणत तिनं सासऱ्याच्या हातात कागद ठेवला. बहिरूभाऊंनी चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं: उजवा खांदा, हालचाल पूर्ण. वेदना नाही. रुग्ण बरी. उपचार बंद.

"हे काय?"

"साक्षी मॅडम शिबिराला गेलत्या. एक शिकाऊ बाई व्हती. म्हनाली हात वर करा, मी केला. म्हनाली मागं न्या, मी नेला. लई खूश झाली."

"अगं, पण तुजा हात चांगला हाय!"

"मग काय वाईट करून दावू? सावडीला गेल्यावर काम मन लावून करावं लागतं. न्हाईतर आत्यांचं नाव गेलं असतं."

"वय अठ्ठावन्न लिवलंय कागदावर!"

"तोंडाला मास्क व्हता," रत्ना म्हणाली. "तिनं इचारलंच न्हाई."

बहिरूभाऊ मटकन ओट्यावर बसले. सासूच्या सवलतीच्या कार्डावर बसलेल्या सुना त्यांनी काय कमी पकडल्या होत्या? 'फोटो कुणाचा, मानूस कोन?' असं विचारून भर उन्हात माळावर उतरवल्या होत्या. आणि आज त्यांनी स्वतः, आपल्या हातानं, दुसऱ्याच्या कागदावर सून पाठवली होती! "आपुन काय केलंय कळतंय का तुला?" ते बायकोवर ओरडले.

"काय केलंय? खाडा हू दिला न्हाई," बायडाबाई शांतपणे म्हणाल्या आणि जेवणाऱ्यांना भात वाढायला गेल्या.

साक्षी मॅडमच्या समोर जायची हिंमत होईना, म्हणून सोमवारीच बहिरूभाऊ बायकोला घेऊन दवाखान्याच्या खिडकीवर हजर झाले. खिडकीतल्या माणसानं नाव बघितलं. "बाई बऱ्या झाल्यात."

"न्हाई झाल्या."

"कागदावर झाल्यात."

बायडाबाईंनी हात वर करून दाखवला. तो खांद्यापाशी येऊन थांबला. खिडकीतल्या माणसानं तो बघितला, कागद बघितला आणि विचारलं, "मग शुक्रवारी कसा गेला वर?"

असले प्रश्न बहिरूभाऊंनी जन्मभर विचारले होते. उत्तर द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती. "बरा झालेला रोग पुन्हा नोंदवायचा तर मॅडमची सही लागंल, उद्या या," एवढं ऐकून त्यांनी काढता पाय घेतला आणि बायकोला घेऊन तडक आळेफाट्याची गाडी धरली. सरकारीची कटकटच नको!

ऋषी सरांनी पाणी दिलं, कागद वाचला. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "होतं असं मावशी. सुटलेला खांदा परत धरतो. आपण असं करू, मोठं पॅकेज घेऊ."

बहिरूभाऊ वाट बघत राहिले. प्रश्न काही आला नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुमाला काय इचारायचं न्हाई का?"

"काय विचारायचं काका? आपल्याकडे विश्वास महत्त्वाचा."

झालं! बहिरूभाऊ ताडकन उठले. शुक्रवारी पूर्ण बरा असलेला हात सोमवारी पुन्हा गोठलेला बघून ज्या माणसाला एक शंका येत नाही, त्याच्या हातात बायको द्यायची? त्यापेक्षा तो खिडकीतला खडूस परवडला. त्यानं निदान विचारलं तरी! "चल गं," ते म्हणाले. "हितं कुनी तपासत न्हाई."

मंगळवारी खोलीबाहेरचा बाक गच्च भरला होता आणि दार सताड उघडं होतं. साक्षी मॅडमनी वही उघडून त्यांच्यासमोर फिरवली. बायडाबाईंच्या नावाभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला होता, पुढं हे एवढं मोठं प्रश्नचिन्ह.

"आज सकाळी वही बघितली आणि हे केलं. गोठलेला खांदा आठवड्यात असा सुटत नाही. आणि मावशींची सही वाकडी असते, ही वळणदार आहे. काका, शुक्रवारी कोण आलं होतं?"

बाकावरची सगळी माणसं वळून बघत होती. पण खरं सांगू का, त्या लाल गोलाकडे बघून बहिरूभाऊंना आतून फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदाच आपल्या जातकुळीचं माणूस भेटलं होतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. कापणी, सावड, घरटी एक माणूस, रत्नाचा मास्क. आणि शेवटी मान खाली घालून म्हणाले, "दंड करा."

साक्षी मॅडम हसल्या नाहीत. "तो कागद तसाच राहिला असता तर मावशींचा हात जन्मभर असाच राहिला असता, हे कळतंय ना तुम्हाला?" मग त्यांनी हात मोजला, मागचा आकडा बघितला, कपाळाला आठी घातली. "सुटतोय, पण फार हळू. व्यायाम होतो का?"

"तिन्ही टायमाला. मी सोता मोजतो," बहिरूभाऊ म्हणाले.

"आणि एरवी हात वर जायचं काय काम करता मावशी? केस कोण विंचरतं?"

बायडाबाई फरशीकडे बघायला लागल्या. बाकावरच्या एका म्हातारीनं कान पुढं केला.

"सून?"

"न्हाई."

"मग?"

"मी," बहिरूभाऊ म्हणाले. हा आवाज त्यांच्या कुठल्याही प्रवाशानं कधी ऐकला नव्हता.

"रोज?"

"रोज. सात वाजता. अंबाडा."

बाकावर खसखस पिकली. साक्षी मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे सून एकटीच नाही तर. काका, मावशींच्या हाताच्या जागी दोन महिने तुमचाच हात हजेरी लावतोय. मग त्यांच्या हातानं वर कशाला जायचं? सोसेल तेवढं त्यांनाच करू द्या. उद्यापासून फणीला हात लावायचा नाही. हाच दंड."

बहिरूभाऊंनी ऋषी सरांवर संशय घेतला, साक्षी मॅडमवर घेतला, आखूड ओळीसाठी भागूवर घेतला, आणि खांदा अडवून बसलेला माणूस रोज सकाळी आरशात बायकोच्या मागे उभा होता! गाडीत ते बायकोला म्हणाले, "मला वाटलं, मी तुजं सोपं करतोय."

"मला बी तेच वाटलं," बायडाबाई म्हणाल्या. आणि खिडकीबाहेर बघत, "तुमी विंचरताना वाईट न्हाई वाटायचं."

पुढचे दिवस फार वाईट गेले. सात वाजता बायडाबाई आत फणी घेऊन बसायच्या. कण्हायच्या, फणी आपटायच्या, दुखण्याला आणि नवऱ्याला एकाच दमात शिव्या घालायच्या. बहिरूभाऊ बाहेर ओट्यावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे, कारण हात आपोआप दाराकडे जायचे. केसांचा कसाबसा बुचडा बांधून, त्यावर पदर घट्ट ओढून बायडाबाई बाहेर यायच्या. मंगळवार-शुक्रवार एक खाडा नाही. वहीतला आकडा इंचाइंचानं वर चढत होता.

संक्रांतीच्या सकाळी बायडाबाई पदर न घेता अंगणात आल्या. डोक्याच्या मागे, चांगला वरती, अंबाडा होता. डावीकडे कललेला, दोन बटा सुटलेल्या, पण अंबाडा. बहिरूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. कल जरा सारखा करावा म्हणून ते पुढं सरकले, तर "हात लावू नका!" म्हणून बायडाबाई कडाडल्या.

भागू कुंपणापाशी बायकोसह उभा होता. त्याला गप्प कसं बसवेल? "वहिनी, आज अंबाडा कलला व्हय? दिवाळीपातूर कसा चापूनचोपून असायचा."

"तवाचा ह्यांनी घातलेला असायचा," बायडाबाई साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आजचा माजा हाय."

दारादारांत माणसं येऊन उभी राहिली. बहिरूभाऊंनी एकेका चेहऱ्याकडे संशयानं बघितलं, कोण हसतंय म्हणून. समोर कुणी हसलं नाही. मागे सगळे हसले, खोटं कशाला सांगू. दोन दिवस बहिरूभाऊ घराबाहेर पडले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला दारावर थाप पडली. बाहेर भागू होता. टॉवेलात काहीतरी गुंडाळून आणलेलं, नजर जमिनीकडे.

"बहिरूभाऊ, त्या अंबाड्याला पीळ डावीकडनं द्यायचा का उजवीकडनं?"

"कशाला? तुज्या बायकोचा हात चांगला हाय."

"हाय की."

"मग?"

भागूनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "ती म्हनती, चांगला असताना घातला तर काय बिघडतंय?"

बहिरूभाऊंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. टॉवेल उघडायला लावला. आत खरंच फणी होती. मग त्यांनी आळीत दोन्हीकडे नजर टाकली, भागूला दंडाला धरून आत ओढलं, आणि कडी घातली.